कोयता लागला तर शरीरात काय घडते?



गळीत हंगाम सुरू झाला की फडात कुणाच्या हाताला कोयता लागतो, कुणाच्या पायात उसाचा बुडखा घुसतो. "एवढ्यानं काय होतंय," म्हणून चिंधी बांधायची आणि पुन्हा कामाला लागायचे, ही आपली रीत. बहुतेक जखमा भरूनही येतात. पण त्यामागे कोण राबते, आणि त्यांचे हात कुठे टेकतात, हे प्रत्येकाने समजून घेतले पाहिजे.

हे काम रक्तातील पांढऱ्या पेशींचे. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये त्या सुमारे ४,००० ते ११,००० असतात. कारखान्यात जशी खाती वेगळी, तशी यांचीही कामे वेगळी.

कातडीखाली महाभक्षक पेशी कायम राखणीला असतात. जंतू दिसला की त्या गिळतात आणि मदतीला हाक देतात. मग काही तासांत रक्तातून न्यूट्रोफिल पेशींची झुंड येते. त्या जंतू खातात आणि स्वतःही मरतात. जखमेतला पू म्हणजे बराचसा या मेलेल्या पेशींचाच. एली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने १८८२ साली तारामाशाच्या अळीत काटा टोचून पाहिला, तेव्हा काट्याभोवती अशाच पेशी गोळा झालेल्या दिसल्या. पुढे १९०८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

शेतकी खात्याचा माणूस प्लॉटमधून उसाचा नमुना नेतो ना, तसा जंतूचा नमुना घेऊन काही पेशी जवळच्या लसिका गाठीकडे जातात. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, ते यामुळेच. तिथे टी पेशी नमुना ओळखतात. त्यांतल्या काही बी पेशींना कामाला लावतात, तर काही विषाणू शिरलेल्या पेशींना मारतात. बी पेशी प्रतिपिंडे तयार करतात. पहिल्या खेपेला या सगळ्याला आठवडा किंवा जास्तही लागतो. काम संपल्यावर बहुतेक पेशी मरतात, पण थोड्या स्मृतिपेशी मागे राहतात. पुढच्या वेळी त्या लवकर उठतात.

आता धनुर्वाताचे बघा. त्याचे जंतू मातीत, शेणात असतात. खोल, हवा न लागणाऱ्या जखमेत ते वाढतात आणि विष सोडतात. दातखीळ बसते, अंग ताठते, प्राणही जातो. हे विष इतक्या थोडक्यात घात करते की स्मृतिपेशी तयार व्हायला तेवढे पुरत नाही. म्हणून धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस घ्यावीच लागते. लशीत हेच विष निरुपद्रवी करून दिलेले असते. पेशींना नमुना आधीच मिळतो.

तेव्हा जखमेला माती, शेण लावू नका. साबणाने, वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखान्यात दाखवा. जखम मातीने भरलेली किंवा खोल असेल आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा टोचून घ्या. पूर्वी लस घेतलीच नसेल, तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगा. अशा वेळी तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागू शकते.

आणि एक विनंती. आपल्या फडात उतरलेल्या तोडणी टोळीलाही हे सांगा. कोयता त्यांच्याच हातात असतो.