मूत्रपिंडे निकामी होतात म्हणजे काय?

बालमित्रांनो, इथल्या दुकानात राजम्याच्या डब्यावर 'किडनीबोनेन' असे लिहिलेले तुम्ही वाचले असेल. ते नाव आकारावरून पडले. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, राजम्याच्या दाण्यासारखी पण मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. मोठ्या माणसाच्या शरीरात ती दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, जवळजवळ सगळे परत रक्तात सोडतात आणि उरलेले दीड-दोन लिटर लघवीवाटे बाहेर टाकतात. रक्तदाब सांभाळणे आणि तांबड्या पेशी बनवण्याचा निरोप हाडांतल्या मगजाला पाठवणे हीही त्यांचीच कामे.

जर्मनमध्ये 'नीरेनफरझागेन' म्हणतात, आपण 'मूत्रपिंडे निकामी झाली' म्हणतो. दोन्ही शब्द ऐकून वाटते की काल चालत होती आणि आज बंद पडली. क्वचित तसे होतेही. जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी खूप कमी झाले, जंतुसंसर्ग रक्तात पसरला किंवा लघवीची वाट अडली, तर लघवी एकाएकी फार कमी होते. अशा वेळी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. वेळेवर उपचार झाले तर ही मूत्रपिंडे पुष्कळदा पुन्हा कामाला लागतात.

दुसरा प्रकार जास्त आढळतो आणि तो फसवा आहे. मधुमेह किंवा वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षे त्यांतल्या बारीक गाळण्या खराब करत राहतो. एकेका मूत्रपिंडात अशा सुमारे दहा लाख गाळण्या असतात, त्यामुळे निम्म्या गेल्या तरी माणसाला काही जाणवत नाही. दुखत तर मुळीच नाही. "कंबर दुखत नाही, म्हणजे किडनी चांगली" हे आपल्याकडचे नेहमीचे वाक्य चुकीचे आहे. गेलेल्या गाळण्या परत येत नाहीत. उरलेल्या मात्र जपता येतात.

मग ओळखायचे कसे? लघवीला साबणासारखा फेस येतो आणि तो लवकर विरत नाही, म्हणजे प्रथिने वाहून जात असावीत. सकाळी डोळ्यांभोवती सूज येते, संध्याकाळी घोट्यावर मोज्याची खूण खोल उमटते. रात्री लघवीला वारंवार उठावे लागते. पुढे थकवा, अन्नावरची वासना जाणे, मळमळ, अंगाला खाज, धाप. पण ही पुढची लक्षणे दिसतात तोवर बराच उशीर झालेला असतो. घरातली मोठी माणसे त्यांना "वय झालं" म्हणून सोडून देतात, तेही आहेच.

मूत्रपिंडे पुरती थकली की डायलिसिस करावे लागते, म्हणजे रक्त शरीराबाहेर यंत्रातून गाळून परत आत सोडायचे. माणसावर हा प्रयोग पहिल्यांदा झाला तो इथेच, फ्रँकफुर्टच्या उत्तरेला गीसन गावात. १९२४ साली डॉ. गेओर्ग हास यांनी तो केला आणि तो पंधरा मिनिटे चालला. रक्त गोठू नये म्हणून त्यांनी जळवांपासून काढलेला पदार्थ वापरला होता. पुढे हॉलंडमध्ये डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेजच्या आवरणाचा सेलोफेन वापरून यंत्र बनवले आणि १९४५ मध्ये त्यामुळे पहिला रुग्ण वाचला.

मुंबईत हा शब्द घरोघरी पोचला तो जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. जून १९७५ मध्ये आणीबाणीत त्यांना अटक झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाल्यावर मुंबईच्या जसलोक रुग्णालयात निदान झाले की मूत्रपिंडे निकामी झाली आहेत. त्यानंतर ऑक्टोबर १९७९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते डायलिसिसवर होते आणि त्याच अवस्थेत त्यांनी १९७७ च्या निवडणुकीचा प्रचारही केला.

आता हे उपचार खूप सुधारले आहेत, तरी आठवड्यातून साधारण तीनदा चार-पाच तास खुर्चीला बांधून घेणे सोपे नाही. शिवाय पथ्य असते. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण शहाळे नेतो, पण त्यात पोटॅशियम भरपूर असते. मूत्रपिंडे ते बाहेर टाकू शकत नसली तर त्याचा हृदयाला धोका होतो. दुसरा मार्ग मूत्रपिंड बदलण्याचा. फ्रांक-वाल्टर श्टाइनमायर, जे २०१७ मध्ये जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांनी २०१० साली आपले एक मूत्रपिंड पत्नीला दिले. एका मूत्रपिंडावर माणूस चांगला जगतो.

आता पालकांसाठी. आपल्या हाउसआर्त्स्टकडे ३५ वर्षांनंतर दर तीन वर्षांनी जी मोफत तपासणी होते, तिच्यात लघवी, रक्तातली साखर आणि चरबी पाहतात. क्रिआटिनीन तिच्यात आपोआप येत नाही. घरात मधुमेह वा रक्तदाब असेल तर ते नाव घेऊन मागावे, आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचेही विचारावे. डोके किंवा गुडघे दुखतात म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक रोज घेऊ नये. गावाकडून पुडीतून येणारी, आत काय आहे ते न लिहिलेली भस्मे आम्ही तरी कोणाला घेऊ देणार नाही.

क्रिआटिनीनचा नुसता आकडा पुरत नाही. ७५ वर्षांच्या सडपातळ आजीचा आकडा १.२ आला तर तो किरकोळ वाटतो, पण तिची गाळण्याची ताकद जवळजवळ निम्म्यावर आलेली असू शकते. म्हणून 'ई.जी.एफ.आर.' ही ओळ पाहायची. ती तीन महिन्यांहून अधिक काळ ६० च्या खाली राहिली तर मूत्रपिंडांचा जुनाट आजार समजतात, आणि १५ च्या खाली गेली तर ती निकामी झाली असे धरतात.

मुलांनो, रविवारी आजी-आजोबांचा फोन आला की त्यांना शेवटचा रिपोर्ट काढायला सांगा आणि ही ओळ तुम्हाला वाचून दाखवायला सांगा. मागच्या वर्षीचा रिपोर्ट कपाटात असेल तर त्यातलीही, आणि दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून आईबाबांना दाखवा.