पावसाळा हाच घरातल्या झाडांचा हिवाळा

लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. कडेकपारी हिरव्या होतात, भिंतींवर शेवाळ चढतं, कौलांवरही रोपं उगवतात. नेमक्या याच दिवसांत दिवाणखान्यातल्या मॉन्स्टेरा, पीस लिली, झीझी आणि स्नेक प्लँटची मुळं कुजण्याचा धोका सर्वांत जास्त असतो. याचं कारण आपण निगेचे जे नियम पाळतो त्यांत आहे. घरातल्या झाडांविषयीची बहुतेक पुस्तकं आणि व्हिडिओ थंड देशांत तयार होतात. तिथे हिवाळा अंधारा असतो आणि घर तापवणाऱ्या यंत्रांमुळे खोलीतली हवा कोरडी पडते. म्हणून तिथला सल्ला असा : हिवाळ्यात पाणी कमी करा, पानांवर फवारा मारा आणि उन्हाळा आला की भरपूर पाणी-खत द्या. मावळात अंधारे महिने जून ते सप्टेंबर हे आहेत. तेव्हा हवा कोरडी नसते, ओलीचिंब असते. वर्षाची ही घडी ओळखली तर पुढचे बहुतेक गैरसमज आपोआप सुटतात.

गैरसमज : ही जंगलातली झाडं आहेत, त्यांना पाऊस मानवणारच

‘उष्णकटिबंधीय’ म्हटलं की डोळ्यांपुढे बारमाही पावसाचं जंगल येतं. पण मावळही उष्ण कटिबंधातच आहे आणि इथे वर्षातले सात-आठ महिने जवळजवळ कोरडे जातात. घरात ठेवली जाणारी झाडंही एका जातकुळीची नाहीत. मॉन्स्टेरा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या ओल्या जंगलात झाडांवर चढणारी वेल आहे. झीझी पूर्व आफ्रिकेतली, कोरड्या ऋतूसाठी जमिनीतल्या जाड कंदात पाणी साठवणारी. स्नेक प्लँट पश्चिम आफ्रिकेतली, जाड पानांत पाणी राखणारी. या तिघांना एकाच दिवशी एकच तांब्या पाणी घालणं म्हणजे त्यांतल्या दोघांवर अन्याय आहे. ओल्या जंगलातल्या झाडांनाही साचलेलं पाणी सोसत नाहीच. याचा पुरावा सह्याद्रीतच दिसतो. सीतेची वेणी हे आमरी कुळातलं झाड घाटातल्या मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर वाढतं आणि मृगापासून आश्विनापर्यंत अक्षरशः धो धो भिजतं. तरी त्याची मुळं सडत नाहीत, कारण ती उघड्या हवेत असतात. मुळांवरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषून घेतं, उरलेलं पाणी क्षणात निथळून जातं आणि वारा मुळांना श्वास पुरवतो. मुळांना पाण्याइतकाच प्राणवायू लागतो. प्लास्टिकच्या कुंडीत, बंद खोलीत नेमका तोच मिळत नाही.

गैरसमज : खोलीत आपल्याला नीट दिसतं, म्हणजे झाडाला उजेड पुरेसा आहे

आपले डोळे अंधाराशी इतक्या सहज जुळवून घेतात की उजेड किती कमी झाला हे कळतच नाही. भर उन्हात बाहेर सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. दाट ढग असले की तो दहा हजारांच्या आसपास किंवा त्याहूनही खाली येतो, आणि खिडकीपासून दोन-तीन मीटर आत गेल्यावर काही शेकड्यांवर घसरतो. म्हणजे पावसाळ्यात अंगणातल्या झाडाला ढगांमधूनही जो उजेड मिळतो, त्याचा लहानसा अंशच घरातल्या झाडाच्या वाट्याला येतो. ‘बाहेर सगळं फोफावतंय, मग घरातलं का नाही?’ या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे. सूर्याची चालही याला दुजोरा देते. लोणावळा सुमारे पावणेएकोणीस अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे झुकलेला, क्षितिजापासून साधारण 48 अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. जूनच्या उत्तरार्धात दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला सरकलेला असतो. त्या दिवसांत आभाळ मोकळं असलं तरी दक्षिणेच्या खिडकीतून दुपारचं ऊन येणार नाही, मग ढगांत तर विचारायलाच नको. म्हणून ‘कमी उजेडात जगणारं झाड’ या वर्णनाचा अर्थ ‘कमी उजेडात लवकर न मरणारं झाड’ एवढाच घ्यावा. जूनच्या आरंभी कुंड्या खिडकीलगत सरकवणं हा मावळातल्या निगेतला सर्वांत मोलाचा उपाय आहे. मोबाइलवरच्या प्रकाश मोजणाऱ्या ॲपने आकडा अगदी अचूक मिळत नसला, तरी दोन जागांमधला फरक नक्की कळतो.

गैरसमज : रोज थोडं थोडं पाणी घालावं

झाड पाणी पितं ते मुख्यतः पानांमधून बाष्प बाहेर जातं म्हणून. उजेड कमी झाला की पानांवरची सूक्ष्म छिद्रं कमी उघडतात. हवा आधीच बाष्पाने भरलेली असली की उघड्या छिद्रांतूनही फारसं बाष्प निघत नाही. मे महिन्यात चार दिवसांत वाळणारी कुंडी जुलैत दोन-दोन आठवडे ओली राहू शकते. तिच्यात रोजचं पाणी पडत राहिलं की मातीतल्या पोकळ्या भरतात, मुळं गुदमरतात आणि कुजवणाऱ्या बुरशा जोर धरतात. मग पानं पिवळी पडतात, मलूल होतात आणि घरातले लोक ‘झाड तहानलंय’ असं समजून आणखी पाणी घालतात, किंवा ‘ताकद हवी’ म्हणून खत देतात. कुजलेल्या मुळांना ते खत घेता येत नाही आणि त्याचे क्षार उरलीसुरली मुळंही जाळतात. मावळातले फुलशेतकरी हे गणित चांगलं ओळखतात. तळेगाव आणि पवन मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये जरबेरा उंच गादीवाफ्यांवर लावतात, कारण त्याच्या गड्ड्याशी पाणी थांबलं की तो कुजतो. ढगाळ दिवसांत ठिबकचं पाणी कमी केलं जातं. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतो, म्हणजे ओल आणि हवा दोन्ही असलेली माती, ती कुंडीतही तितकीच लागते. लोणावळा-खंडाळ्याच्या बंद बंगल्यांत हा प्रश्न आणखी बिकट होतो. मालक शनिवार-रविवारी येतात, एरवी खिडक्या-पडदे बंद आणि राखणदाराला सूचना मात्र ‘रोज पाणी घाला’ अशी. राखणदार इमानाने सांगितलेलं करतो, पण मुळात सूचनाच चुकीची असते. सूचना अशी हवी : दिवसा पडदे उघडे ठेवा, दोन पेरं बोट मातीत घाला, आत ओल लागली तर पाणी घालू नका.

गैरसमज : तळाशी खडे टाकले की निचरा होतो

बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या खड्यांच्या थरात सहज उतरत नाही. वरची माती पुरती तुडुंब भरेपर्यंत ते मातीतच अडकून राहतं. म्हणजे खड्यांमुळे पाण्याची पातळी मुळांच्या आणखी जवळ येते आणि मुळांसाठीची जागाही घटते. निचरा सुधारायचा तर सगळं मिश्रणच भुसभुशीत करावं लागतं. रोपवाटिकेतून आलेली बरीच झाडं कोकोपीटमध्ये असतात. शेडनेटखालच्या उजेडात आणि वाऱ्यात ते ठीक चालतं. घरात मात्र कोकोपीटचा वरचा थर कोरडा दिसतो आणि तळ ओलाच राहतो. त्यावर घोंघावणारी बारीक काळी चिलटं ही जास्त पाण्याची ठळक खूण समजावी. मावळात याला एक स्वस्त उपाय हाताशी आहे. इंद्रायणी भाताच्या या प्रदेशात भातगिरण्यांमध्ये तुसाचे ढीग पडतात. अर्धवट जाळून काळं केलेलं तूस, नारळाच्या सोडणाचे तुकडे आणि थोडं चांगलं मुरलेलं कंपोस्ट कोकोपीटमध्ये मिसळलं की पाणी धरूनही हवा खेळती राहते. कुंडीही झाडाच्या मुळांपेक्षा फार मोठी नको. मुळं न पोचलेली माती शोषणाऱ्याअभावी ओलीच राहते.

गैरसमज : फवाऱ्याने आर्द्रता वाढते आणि झाडं खोलीची हवा शुद्ध करतात

फवाऱ्याचं पाणी काही मिनिटांत उडून जातं, त्यामुळे कोरड्या एप्रिलमध्येही त्याचा उपयोग क्षणिकच. त्यापेक्षा कुंड्या एकमेकींजवळ ठेवणं बरं. पावसाळ्यात तर पानांवर साचलेलं पाणी बुरशीच्या डागांना आमंत्रणच देतं. हवा शुद्ध होण्याची समजूत 1989 सालच्या नासाच्या अभ्यासावर उभी आहे. तो प्रयोग लहान, बंदिस्त पेट्यांमध्ये झाला होता. 2019 मध्ये अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा प्रयोगांचे आकडे पुन्हा तपासले, तेव्हा इमारतीत होणाऱ्या साध्या हवापालटाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडं लागतील असं दिसलं. पाऊस उघडला की खिडकी उघडणं माणसांच्याही हिताचं आहे आणि झाडांच्याही.

यावर दोन आक्षेप रास्त आहेत. पहिला : आपल्याकडे फांद्या पावसाळ्यातच लावतात आणि त्या जगतात. खरं आहे. पण नुकत्या खोचलेल्या फांदीला मुळंच नसतात. तिला पानांतून पाणी न गमावणं गरजेचं असतं आणि दमट हवा तेच साधते. शिवाय ती बहुधा अंगणात, उघड्या उजेडात असते. मुळावलेल्या, खोलीतल्या झाडाला तो न्याय लागू होत नाही. दुसरा : मावळातला हिवाळाही थंडच असतो. रात्रीचं तापमान दहा-बारा अंशांपर्यंत उतरतं, तेव्हा ही झाडं मंदावतात. हेही खरं, म्हणून थंडीत कुंड्या रात्री गार काचेपासून दूर घ्याव्यात आणि पाणी सकाळी, बेताने घालावं. पण थंडीतला दिवस उजळ असतो, कुंडी वाळत राहते आणि चूक सावरायला वेळ मिळतो. जुलैत तो मिळत नाही.

म्हणून मावळातल्या घरासाठी वर्षाची आखणी अशी करावी : खत आणि कुंडी बदलणं फेब्रुवारी ते मे आणि पुन्हा ऑक्टोबरात, तर जून ते सप्टेंबर खत बंद, पाणी कमीत कमी, जागा खिडकीशी. तळेगावकडे पाऊस बराच कमी आणि उघडीप जास्त, तेव्हा तिथे हा नियम थोडा सैल करायला हरकत नाही. झाड मेलं की ‘माझ्या हाताला गुण नाही’ असं म्हणून लोक नाद सोडतात, याचं वाईट वाटतं. कारण यात हाताच्या गुणाचा संबंध नाही. आपल्या आभाळाकडे बघून पाणी घालणारा कुणीही ही झाडं वर्षानुवर्षं जगवू शकतो.