पाठीचा कणा सांभाळा

आपल्या पाठीवरून मधोमध बोट फिरवून पाहा. मानेपासून माकडहाडापर्यंत हाडांचे मणी हाताला लागतात. हे मणके. मण्यांची माळ असते, तशी ही मणक्यांची माळ. हिलाच कणा म्हणतात. कण्यामुळे आपण ताठ उभे राहतो, वाकतो, ओझे उचलतो.

कण्याचे आणखी एक मोठे काम आहे. ते बाहेरून दिसत नाही. मणक्यांना भोके असतात. भोकावर भोक येऊन आत नळी तयार होते. या नळीतून मेंदूपासून एक मऊ दोरी खाली येते. ती साधारण करंगळीएवढी जाड असते. तिला मज्जारज्जू म्हणतात. पायात काटा मोडला, ही खबर याच दोरीने मेंदूकडे जाते. 'पाय उचल' हा हुकूमही याच दोरीने पायाकडे येतो.

हात मोडला तर प्लास्टर घालतात. काही आठवड्यांत हाड सांधते. मज्जारज्जूचे तसे नाही. मणका मोडून आतली दोरी चिरडली, की खबर जात नाही आणि हुकूमही येत नाही. दोरी थोडी दुखावली असेल, तर काही ताकद परत येते. पुरती तुटली, तर ती पुन्हा सांधता येत नाही. पाठीत मार बसला तर पाय लुळे पडतात. मानेत बसला तर हातही जातात. लघवी-शौचाचा ताबा सुटतो.

असे किती जणांना होते? जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगात दीड कोटीहून जास्त माणसे मज्जारज्जूची इजा घेऊन जगत आहेत. २०११ च्या शिरगणतीत सगळ्या मुंबई शहराची वस्तीसुद्धा एवढी नव्हती! यांत बायकांपेक्षा पुरुष निदान दुप्पट आहेत. त्यांतही पुष्कळसे ऐन विशी-तिशीतले, म्हणजे घरचे कमावते हात.

ही इजा होते कशाने? श्रीमंत देशांत मोटारींचे अपघात आणि म्हाताऱ्या माणसांचे पडणे ही मोठी कारणे आहेत. आपल्या देशात बऱ्याच इस्पितळांच्या नोंदींत पहिला नंबर लागतो, तो उंचावरून पडण्याचा. पावसाळ्याआधी कौले शाकारताना माणूस घसरतो. आंबे उतरवताना, शेळीसाठी पाला तोडताना फांदी मोडते. उन्हाळ्यात लोक गच्चीवर झोपतात. गच्चीला कठडा नसतो. झोपेत कूस बदलली, की माणूस खाली! विहिरीला कठडा नसला, तर अंधारात पाय चुकतो.

त्याखालोखाल रस्त्यावरचे अपघात. एका फटफटीवर तिघे बसतात. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर माणूस बसतो आणि खड्डा आला की उडतो. आणखीही कारणे आहेत. डोक्यावर जड ओझे असताना पाय घसरला, तर मान मोडते. उथळ पाण्यात डोक्यावर सूर मारला, तरी तेच. मळणी यंत्रात पदर किंवा ओढणी अडकली, तर मान पिळली जाते.

लोक म्हणतात, "नशिबात होतं, झालं!" पण वरची कारणे पुन्हा एकदा वाचा. यात नशीब किती आणि आपली हयगय किती? गच्चीला कठडा बांधायला एकदाच खर्च येतो. लुळ्या पडलेल्या माणसाचे दुखणे घराला जन्मभर पुरते.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. माणूस पडला, की चार जण धावतात. एक बगलेत हात घालतो, दुसरा पाय धरतो. "उठ रे, उठून बस!" म्हणतात. मोडका मणका आत सरकतो. दुखावलेली दोरी मग पुरती चिरडते. मदत करता करता नुकसान होते. म्हणून अशा माणसाला उठवू नका, बसवू नका. मान हलवू देऊ नका. १०८ नंबरला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. आग किंवा पाणी यांचे भय असेल, तरच हलवा. तेव्हा डोके, मान आणि पाठ एका रेषेत धरा. चार-पाच जणांनी एकदम उचलून फळीवर ठेवा. कोणाकडून पाठ चोळून घेऊ नका.

कणा मोडला म्हणजे जगणे संपले, असेही नाही. मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातले जवान. १९६५ च्या लढाईत त्यांच्या कण्यात गोळी शिरली. कमरेखालचे अंग लुळे पडले. त्यांनी पोहण्याचा सराव केला. १९७२ साली जर्मनीत अपंगांच्या जागतिक सामन्यांत ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. अशा माणसाला घराचा आधार हवा, कामाची संधी हवी.

लक्षात ठेवा :
१. गच्चीला आणि विहिरीला कठडा बांधा.
२. झाडावर किंवा छपरावर चढताना कमरेला दोर बांधून तो पक्क्या आधाराला अडकवा.
३. तळ ठाऊक नसलेल्या पाण्यात सूर मारू नका.
४. पडलेल्या माणसाला ओढू नका.