हौशी मासेमारांच्या नोंदी व मत्स्यसंरक्षण

उपजीविकेसाठी नव्हे, तर छंद म्हणून गळाने मासे धरणाऱ्या व्यक्तींनी केलेल्या पकडीच्या नोंदी व त्यांचा जलचरांच्या संरक्षणासाठी होणारा उपयोग. गळाने मासे धरण्यास कोकणात ‘गरवणे’ म्हणतात. व्यापारी मासेमारीची आकडेवारी प्रामुख्याने बाजारात येणाऱ्या माशांवरून तयार होते. त्यामुळे विरळ, बाजारमूल्य नसलेल्या किंवा धरून परत सोडलेल्या जातींची माहिती तीत क्वचितच सापडते. ही उणीव हौशी मासेमारांच्या नोंदींनी काही अंशी भरून निघते.

नोंदींचे स्वरूप : उपयुक्त नोंदीत दिनांक, स्थळ, माशाची जात, लांबी किंवा वजन आणि मासेमारीस दिलेला वेळ यांचा समावेश असतो. पकडलेल्या माशांच्या संख्येस एकूण तासांनी भागले असता प्रयत्नाच्या एककामागील पकड मिळते. तीवरून माशांच्या विपुलतेत वर्षानुवर्षे होणारा बदल अजमावता येतो. यासाठी रिकाम्या हाताने परतलेल्या दिवसांची नोंदही आवश्यक असते. ती वगळल्यास विपुलता प्रत्यक्षाहून अधिक भासते.

सागरी उपक्रम : अमेरिकेत १९६२ मध्ये जॅक केसी या शास्त्रज्ञाने हौशी मासेमारांच्या साहाय्याने मुशींना (शार्क माशांना) क्रमांकित खुणपट्ट्या लावण्यास प्रारंभ केला. खूण केलेला मासा पुन्हा सापडला म्हणजे त्याचा प्रवास व वाढ कळते. नील मुशी अटलांटिक महासागर ओलांडून जाते, हे अशा पुनर्प्राप्तींवरून दिसून आले. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्यात याच धर्तीचा उपक्रम १९७३ मध्ये सुरू झाला. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाकटासारख्या दिसणाऱ्या स्केट माशांच्या पाठीवरील ठिपक्यांच्या छायाचित्रांवरून प्रत्येक मासा स्वतंत्रपणे ओळखला जातो.

कावेरीतील महसीर : नोंदींचे महत्त्व व त्यांचा अर्थ लावण्यातील अडचण दाखविणारे भारतातील ठळक उदाहरण गोड्या पाण्यातील असून त्याचा महाराष्ट्राशी निकटचा संबंध आहे. दख्खनी महसीर (टॉर खुद्री) या माशाचे वर्णन डब्ल्यू. एच. साइक्स यांनी पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील नमुन्यांवरून १८३९ मध्ये केले. धरणे, विषप्रयोग व सुरुंग यांमुळे ही जात घटू लागल्यावर सी. व्ही. कुलकर्णी व एस. एन. ओगले यांनी १९७० च्या दशकात लोणावळ्याजवळ वळवण येथील टाटांच्या केंद्रात तिचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. तेथील मत्स्यबीज अन्य राज्यांतही सोडण्यात आले व ते कावेरीतही पोहोचले. कावेरीत मात्र मदार असलेली व मोठी वाढणारी महसीरची स्वतंत्र जात मूळची होती.

कर्नाटकातील गालिबोरे येथील मासेमारी शिबिरात मासे धरून परत सोडले जात आणि प्रत्येक दिवसाची नोंद ठेवली जात असे. १९९८ ते २०१२ या काळातील सुमारे २३,६०० तासांच्या मासेमारीत सहा हजारांहून अधिक महसीर नोंदले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात एकूण पकड वाढत गेल्याचे आढळले. संख्या वाढली म्हणजे संरक्षण सफल झाले, असा अर्थ यावरून सहज निघाला असता. परंतु नोंदवहीत दोन्ही प्रकारांचा वेगळा उल्लेख असल्याने ही वाढ बाहेरून आलेल्या निळसर पराच्या महसीरची असून मदारी महसीर झपाट्याने कमी होत असल्याचे उघड झाले. मदारी महसीरचे शास्त्रीय नाव (टॉर रेमादेवी) २०१८ मध्ये निश्चित झाले व त्याच वर्षी तिचा समावेश अतिसंकटग्रस्त जातींत झाला. शास्त्रीय नाव निश्चित होण्यापूर्वीच तिचा ऱ्हास हौशी मासेमारांच्या वह्यांत नोंदला गेला होता. एका नदीतील जात वाचविण्याचा उपाय दुसऱ्या नदीतील जातीस घातक ठरू शकतो, हे यावरून लक्षात येते. अभयारण्यातील हे शिबिर पुढे बंद झाले व नोंदींची ही मालिकाही खंडित झाली.

मर्यादा : हौशी मासेमार मोठ्या माशांच्या व सोयीच्या जागांच्या मागे जातात, त्यामुळे नोंदी सर्व जलाशयाचे प्रतिनिधित्व करीत नाहीत. जातीची ओळख चुकण्याचा संभव असतो. परत सोडलेला मासाही दमणूक व जखमांमुळे दगावू शकतो. काटा नसलेला गळ वापरणे, मासा शक्यतो पाण्यातच ठेवून मोजणे आणि छायाचित्र घेणे यांमुळे हे दोष कमी होतात.

महाराष्ट्राचा किनारा : राज्यात व्यावसायिक मच्छीमारांसाठी मिळतीजुळती योजना डिसेंबर २०१८ पासून राबविण्यात आली. जाळ्यात अडकलेले कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क यांसारखे संरक्षित प्राणी जाळे कापून सोडल्यास, छायाचित्रांच्या पुराव्यावर, कांदळवन कक्ष व मत्स्यव्यवसाय विभाग यांच्यामार्फत २५,००० रुपयांपर्यंत भरपाई देण्याची तीत तरतूद आहे. भरपाईसाठी घेतलेले छायाचित्र हे त्या प्राण्याचे स्थळ व काळ सांगणारी नोंदही ठरते. नोंद छंदातून झालेली असो वा व्यवसायातून, जात, स्थळ व प्रयत्न यांचा उल्लेख तीत जितका काटेकोर, तितका तिचा संरक्षणास उपयोग अधिक होतो.