शब्दकोडं सुटतंय तोवर

लग्नाच्या चित्रीकरणाच्या डीव्हीडीची प्रत काढून ठेवलेली असते, मागच्या दिवाळीत ती सुरळीत चाललेली असते आणि यंदा संगणकात घातली की मंगलाष्टकांपाशी येऊन अडून बसते. मग घरातलं जाणतं कुणीतरी इंटरनेटवरून एकामागून एक 'कोडेक पॅक', म्हणजे आकड्यांचं चित्र बनवणाऱ्या प्रणालींचे संच, उतरवून घेतं. हा उपाय बहुधा फसतो, कारण 'चालत नाही' या दोन शब्दांत दोन निरनिराळे आजार दडलेले असतात: डिस्कवरचे आकडेच वाचता न येणं आणि वाचलेल्या आकड्यांचं चित्र न बनणं. निदान सोपं आहे. डिस्कमधला 'व्हिडिओ टीएस' हा अख्खा फोल्डर हार्ड डिस्कवर कॉपी करून पाहावा. कॉपी मध्येच अडकली तर दोष डिस्कचा किंवा ड्राइव्हचा; जगातला कुठलाही कोडेक तिथे कामाचा नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, कालपर्यंत चालणारी डिस्क एका रात्रीत कशी बिघडेल? ती एका रात्रीत बिघडलेली नसतेच. छापील डिस्कमध्ये प्लॅस्टिकवर साच्यातून उठवलेले खळगे असतात. राइट केलेल्या डीव्हीडी-आरमध्ये मात्र सेंद्रिय रंगाच्या थरावर लेसरने पाडलेले डाग असतात आणि ऊन, उष्मा, दमट हवा यांनी तो रंग विटत जातो. हे विटणं आपल्यापासून लपवतं ते गणित. डीव्हीडीवरची माहिती 192 ओळी आणि 172 स्तंभांच्या चौकटींत मांडलेली असते. प्रत्येक ओळीला 10 आणि प्रत्येक स्तंभाला 16 जादा बाइट जोडलेले असतात, म्हणजे शंभरामागे साधारण 15 बाइट निव्वळ राखणदारीला. पुरवणीच्या मागच्या पानावरचं शब्दकोडंच हे! आडवा शब्द पुसला गेला तरी उभे शब्द त्याची अक्षरं सांगतात. अख्ख्या 16 ओळी नष्ट झाल्या तरी चौकट जशीच्या तशी उभी करता येते. सतरावी ओळ गेली की मात्र कोडं सुटत नाही. व्हीएचएस कॅसेट म्हातारी होताना पडद्यावर मुंग्या दाखवून आधी बजावायची. डीव्हीडी शेवटच्या दिवसापर्यंत तजेलदार दिसते आणि मग एकदम कोसळते.

या कोड्याला आयर्विंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन यांचं नाव आहे. त्यांचा 1960 चा निबंध जेमतेम पाच पानांचा होता. चुका झटपट शोधून काढायची व्यवहार्य रीत मात्र एल्विन बर्लेकँप यांनी त्या दशकाच्या अखेरीस दिली. तिच्याविना चुका दुरुस्त करणारे हे संकेत कागदावरच राहिले असते, तरी त्यांचं नाव क्वचितच घेतलं जातं. याच कुळातल्या बीसीएच संकेतांमधला 'बी' म्हणजे राजचंद्र बोस. गणितज्ञ ऑयलरचा चौकोनांविषयीचा अंदाज खोडून काढणारे आपले शरदचंद्र श्रीखंडे त्यांचेच शिष्य. (तो पराक्रमही ओळी-स्तंभांच्या चौकोनांचाच होता!)

दुसरा आक्षेप असा, की तीच डिस्क टीव्हीच्या प्लेअरवर चालते, मग ती खराब कशी? प्लेअरचं काम चित्र पुढे नेण्याचं. न वाचता आलेला तुकडा तो सोडून देतो आणि क्षणभर चौकोन चमकले तरी पंगत सुरूच राहते. फाइल कॉपी करणाऱ्या संगणकाला एक बाइटही गाळायची मुभा नसते. तो वेग कमी करून तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो आणि शेवटी हात टेकतो. अशी डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहावी, कारण प्रत्येक लेसरची नजर सारखी नसते.

कॉपी पूर्ण होऊनही चित्र दिसत नसेल, तर कारणं बरीच किरकोळ असतात. विंडोज 8 पासून डीव्हीडी चालवण्याची सोय मूळ मीडिया प्लेअरमध्ये राहिलेली नाही. एमपेग-2 उलगडण्याची यंत्रणा पोटात असलेला व्हीएलसीसारखा प्लेअर पुरतो. चित्रीकरण एकेक जीबीपर्यंतच्या व्हीओबी फाइलींत तोडलेलं असतं आणि त्यांचा क्रम आयएफओ फाइलीत असतो, म्हणून एखाद्या फाइलीवर क्लिक न करता पूर्ण फोल्डर उघडावा. विकतच्या चित्रपटांना कुलूप असतं, त्यांच्या नुसत्या कॉपीत रंगीत गोंधळ दिसतो. लग्नाच्या डिस्कला सहसा तसं काही नसतं.

राहता राहिला कोऱ्या डिस्कच्या वेष्टनावरचा शंभर वर्षं टिकण्याचा दावा. तो डिस्का उष्ण, दमट पेटीत काही काळ ठेवून, त्यावरून बांधलेला अंदाज असतो; कपाटात शंभर वर्षं काढलेली डीव्हीडी-आर अजून जन्मालाच आलेली नाही. त्यापेक्षा भरवशाचा आकडा ड्राइव्हकडे असतो. काही ड्राइव्ह दुरुस्त केलेल्या चुकांची मोजदाद सांगतात. मानकाप्रमाणे लागोपाठच्या आठ चौकटींत सदोष ओळी 280 च्या वर जाता कामा नयेत. सुरळीत चालणाऱ्या डिस्कचीही ही मोजणी करता येते, आणि ती करायची वेळही तीच, कारण तेव्हा डिस्कवरचं सगळं अजून कॉपी होत असतं.