घोटभर धीर

१९१७ साली अमेरिकेतल्या न्यू बेडफर्ड गावात एका बड्या घरच्या मेजवानीला एक तरुण लष्करी अधिकारी गेला होता. उंचापुरा गडी, पण चारचौघांत गेला की पार गोठायचा. कुणीतरी त्याच्या हातात ‘ब्राँक्स’ नावाचं कॉकटेल दिलं आणि जरा वेळात लोकांच्या नि आपल्यामधली भिंत कोसळली, असं त्याला वाटलं. त्याचं नाव बिल विल्सन. पुढे दारूने त्याला धुळीला मिळवलं. त्यातून सावरल्यावर १९३५ मध्ये त्याने डॉ. बॉब स्मिथ यांच्यासोबत अ‍ॅक्रन शहरात ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’ ही संघटना उभी केली.

म्हणजे ज्याला लोकांपुढे बोलायचा धीर दारूने दिला, त्यानेच जगाला दिलेला उपाय लोकांपुढे बोलण्याचा निघाला. खोलीभर अनोळखी माणसं, त्यांच्यासमोर नाव सांगायचं, ‘मी मद्यपी आहे’ म्हणायचं, मग शेअरिंग. लाखो लोक या वाटेने सावरले. मात्र ज्याला सोशल अँक्झायटी, म्हणजे समाजभय आहे, त्याला नेमकी हीच खोली नको असते. व्यसनाच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णांना अमेरिकी संशोधकांनी याबद्दल विचारलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले: समाजभय जास्त असलेले लोक गटात बोलायला, मीटिंगला जायला, स्पॉन्सर (म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य) मागायला इतरांपेक्षा नाखूश होते. अशा माणसावर ‘याला सुधारायचंच नाही’ असा शिक्का बसायला वेळ लागत नाही.

भिडस्तपणा वेगळा आणि हा आजार वेगळा. ‘लोक आपल्याकडे बघतायत, आपली फजिती होणार’ ही धास्ती इतकी घट्ट असते की माणूस नोकरीची मुलाखत टाळतो, लग्नकार्य टाळतो, फोनसुद्धा उचलत नाही. बहुतेकांत ती शाळकरी वयात, तेरा-चौदाच्या आसपास सुरू होते. बाटली नंतर येते. वरातीत नाचायच्या आधी दोन पेग, साहेबासमोर बसायच्या आधी एक क्वार्टर. दारू धास्ती घालवते, यात अर्धा वाटा तर विश्वासाचाच असावा. मिशिगनमधल्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अशा रुग्णांना भाषण करायला लावलं. काहींना दारू दिली होती, काहींना नुसता दारूचा आभास. प्रत्यक्ष दारूपेक्षा ‘आपण प्यायलोय’ या समजुतीनेच भीती उतरलेली दिसली.

पुढे दोन्ही दुखणी एकमेकांत गुंततात. बँकेच्या खिडकीशी सही करायची आहे, कारकून बघतोय, हात थरथरतोय. ही थरथर धास्तीची की रात्रीची उतरल्यामुळे आलेली, हे त्या माणसालाही सांगता येत नाही. सकाळी एक घोट घेतला की सही नीट येते, म्हणून घोट पक्का होतो.

मग दोन्हींवर एकदमच इलाज करावा, हे कुणालाही सुचेल. साउथ कॅरोलायनातल्या चार्ल्सटन इथे कॅरी रँडल आणि सहकाऱ्यांनी तेच करून पाहिलं. ९३ जणांपैकी काहींना फक्त दारूसाठी, तर काहींना दारू आणि समाजभय या दोन्हींसाठी बारा आठवडे मानसोपचार दिले. २००१ मध्ये आलेला निकाल उफराटा होता. दोन्ही गट सुधारले खरे, पण दुहेरी उपचारवाल्यांचं पिणं चारपैकी तीन मोजमापांत इतरांपेक्षा वाईट ठरलं, आणि समाजभयातही त्यांना जादा फायदा झाला नाही. संशोधकांनी एक शक्यता मांडली. समाजभयाच्या उपचारात भीतीच्या प्रसंगाला मुद्दाम सामोरं जायला लावतात: दुकानात जाऊन वस्तू परत करा, मीटिंगमध्ये प्रश्न विचारा. दारू नुकतीच सोडलेला माणूस हा गृहपाठ करायला निघाला, तर त्याच्याकडे धीराचं जुनं साधन एकच असतं.

केवळ गोळीनेही गाठ सुटली नाही. त्याच चार्ल्सटनमध्ये ४२ जणांवर पॅरोक्सेटिन या गोळीची चाचणी झाली. हे लोक दारू सोडायला आलेले नव्हते. सोळा आठवड्यांत समाजभय कमी झालं, धीरासाठी पिणंही घटलं, पण एकूण पिणं होतं तिथेच राहिलं. एकदा रुळलेल्या सवयीला मूळ कारण उरलं नाही तरी चालतं, असंच म्हणायला हवं.

रँडल यांच्या निकालाने दुहेरी उपचाराची कल्पना मोडीत निघाली असती. सिडनीतल्या संशोधकांनी तसं होऊ दिलं नाही. तिथल्या उपचारात दोन्ही दुखण्यांचा एकमेकांशी असलेला धागाच विषय केला: कोणत्या प्रसंगाआधी हात बाटलीकडे जातो, आणि तिथे जाऊन न पिता उभं कसं राहायचं. ११७ जणांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये आले. एकत्र उपचार घेणारे आणि फक्त दारूवर उपचार घेणारे, अशा दोन्ही गटांत पिणं सारखंच कमी झालं, म्हणजे यावेळी दुहेरी उपचाराने तोटा झाला नाही. समाजभय आणि एकूण जगणं मात्र एकत्र उपचार घेतलेल्यांचं सहा महिन्यांनंतर अधिक सुधारलेलं होतं. दारू सुटूनही घरात कोंडून राहणाऱ्या माणसाच्या घरच्यांना या फरकाची किंमत सांगायला नको.

आपल्याकडे पुण्यात १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने ‘मुक्तांगण’ सुरू झालं, त्यामागे पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांची देणगी होती. व्यसन हा आजार आहे, ही समज मराठी घरांत रुजवण्यात या केंद्राचा मोठा वाटा आहे. तरी आपल्याकडच्या व्यसनमुक्ती केंद्रांत गटचर्चेवर भर असतो, आणि बुजऱ्या रुग्णाची तिथे पंचाईत होते. यावर खर्चिक इलाज लागत नाही. विड्रॉवलच्या, म्हणजे दारू तोडल्यावरच्या त्रासाच्या दिवसांत घाम, थरथर, धडधड सगळ्यांनाच होते, त्यामुळे तेव्हा समाजभयाचं निदान करू नये. दोन-चार आठवडे कोरडे गेले की विचारावं: शाळेत उभं राहून धडा वाचायला सांगितला की काय व्हायचं? पहिल्या पेगच्या आधीची भीती तिथे सापडते.

एकट्याशी बोलूनही काम होतं, हे गोव्याने दाखवलंय. ‘संगत’ संस्थेने तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, घातक पिणाऱ्या पण पूर्ण व्यसनाधीन नसलेल्या ३७७ पुरुषांवर चाचणी घेतली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी एकेकट्याशी जास्तीत जास्त चार बैठका केल्या. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांतले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर होते, नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत २६ टक्के. समाजभय हा या चाचणीचा विषय नव्हता. पण समोर एकच माणूस आणि बोलणं दोघांतच, ही सोय गावच्या दवाखान्यात उभी करता येते.