तीस मिलिग्रॅमचा हिशेब

नाकाबंदीत पोलिसाने पुढे धरलेल्या यंत्रात फुंक मारली, की पडद्यावर आकडा उमटतो. कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तामागे ३० मिलिग्रॅम अल्कोहोल. पण रक्त तर कोणी काढलेलेच नसते! मग हा आकडा येतो कुठून?

फुप्फुसाच्या खोल कप्प्यांत रक्त आणि हवा यांच्यामध्ये एक अतिशय पातळ पडदा असतो. रक्तातले अल्कोहोल त्यातून हवेत उतरते. साधारण २१०० मिलिलिटर श्वासात जेवढे अल्कोहोल, तेवढे एक मिलिलिटर रक्तात, असे हे गणित. म्हणून यंत्राला लांब, दमदार फुंक लागते. इंडियाना राज्याच्या पोलीस दलातले रॉबर्ट बॉर्केनस्टाइन यांनी १९५४मध्ये बनवलेल्या यंत्रात अल्कोहोलने डायक्रोमेटचा रंग बदलायचा. आताच्या चांगल्या यंत्रांत प्लॅटिनमवर अल्कोहोलचे ऑक्सिडीकरण होते आणि त्यातून निघालेली वीज मोजली जाते. मात्र २१०० ही सरासरी आहे. माणसागणिक ती थोडी हलते. शिवाय नुकताच घोट घेतला असेल किंवा माउथवॉशने चूळ भरली असेल, तर यंत्र तोंडातलेच अल्कोहोल मोजते. पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकले, की तो घोळ मिटतो. दुसऱ्या चाचणीची विनंती करण्यात उद्धटपणा काही नाही.

‘एकच तर घेतली’ या समर्थनाचेही गणित मांडता येते. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांच्या सूत्रानुसार ७० किलोच्या पुरुषाने उपाशीपोटी तीस मिलिलिटर व्हिस्की घेतली, तर रक्तात वीसेक मिलिग्रॅम चढतात. पंचावन्न किलोच्या बाईला तेवढ्यातच तिशी गाठता येते, कारण तिच्या शरीरात पाणी कमी असते. स्ट्राँग बिअरची मोठी बाटली तर पुरुषालाही ऐंशीच्या पुढे नेते. उतरते ते मात्र तासाला साधारण पंधरा मिलिग्रॅम. लिंबूपाणी, कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही.

म्हणजे दोन तासांत सुमारे तीस मिलिग्रॅम पुसले जातात. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०२ मधली मुदतही नेमकी तेवढीच आहे: अटकेनंतर दोन तासांत वैद्यकीय तपासणी झाली नाही, तर आरोपीला कोठडीतून सोडावे लागते. हा आरोपीचा हक्क खरा, पण पुरावा वाचवणारी शिस्तही तीच. या तपासणीत स्त्रीचे रक्त पुरुष डॉक्टर घेणार असेल, तर तिथे दुसरी स्त्री हजर हवी.

शिक्षा लहान नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजार रुपये दंड किंवा दोन्ही.

खरी लढाई रक्ताच्या कुपीवर होते. मुंबई दारूबंदी कायद्याखालचे १९५९चे नियम सांगतात, की सुई टोचण्यापूर्वी त्वचेला अल्कोहोल लावायचे नाही. कुपीत रक्त गोठू न देणारे द्रव्य आणि परिरक्षक हवे. परिरक्षक नसेल तर कुपीतले जंतू स्वतःच अल्कोहोल तयार करू शकतात. तोंडाला वास, तोल जाणे, बोलणे असंबद्ध, एवढ्यावर मद्यसेवन सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९७१ मध्ये म्हटले होते. मे २०२४ मधल्या पुण्याच्या कल्याणीनगर अपघातानंतर तर रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला. कुपी ढिसाळ हाताळली, की दोषी सुटतो आणि निर्दोषही अडकू शकतो. प्रयोगशाळा कितीही अद्ययावत असली, तरी तिला चुकीच्या कुपीतून बरोबर उत्तर काढता येत नाही.

तेव्हा पोलिसांनी अडवलेच, तर चाचणीला नकार देऊ नका. सबळ कारण नसलेला नकार कलम २०५ नुसार न्यायालयात तुमच्याच विरुद्ध मांडता येतो. अटकेची वेळ, फुंकल्याची वेळ आणि रक्त घेतल्याची वेळ मात्र जागेवरच लिहून ठेवा.